द्राक्षांच्या मुलखात दोन दिवस

सहलीचा विषय निघाला की आपल्या घरांत आधी खिसा चाचपला जातो. थंड हवेची नावाजलेली ठिकाणे परवडत नाहीत, आणि पाहुण्यांकडे जाऊन आलो तर पोरे त्याला सहल मानत नाहीत. म्हणून आम्ही वाचकांना एक मुलूख सुचवीत आहोत. मुंबईपासून तो सुमारे 170 किलोमीटरवर आहे. हिवाळाभर तिथे स्वच्छ ऊन असते. डोंगर आहे, धरण आहे, पाखरे आहेत आणि मैलोगणती हिरव्या बागा आहेत. हा मुलूख म्हणजे नाशिक, दिंडोरी आणि निफाड.

आज त्याची जाहिरात 'वाईनची राजधानी' अशी होते. ती वाचून आपल्यातले अनेक जण पाऊल मागे घेतात. पंचशील मानणाऱ्या घराने वाईनच्या गावी कशाला जायचे? आम्ही म्हणतो, जरूर जायचे आणि ताठ मानेने जायचे. तिथे पाहण्यासारखे जे आहे, त्यातले फार थोडे बाटलीत भरलेले आहे.

उन्हाची शेती

नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण 600 मीटर उंचीवर आहे. थंडीच्या दिवसांत इथे दुपारी कोरडे ऊन पडते आणि रात्री गारठा असतो. द्राक्षाला हेच हवामान मानवते. युरोपात बर्फाच्या दिवसांत द्राक्षवेल झोपी जाते आणि तिथले घड सप्टेंबर-ऑक्टोबरात उतरतात. आपल्याकडे वेल झोपत नाही, म्हणून शेतकरी तिला वर्षातून दोनदा छाटतो. एप्रिलमध्ये खरड छाटणी होते आणि ऑक्टोबरच्या सुमारास फळाची छाटणी. त्यामुळे इथला माल जानेवारीपासून मार्च-एप्रिलपर्यंत तयार होतो. बाग पाहायची असेल तर फेब्रुवारी महिना सर्वांत चांगला.

वाईनचा धंदा इथे तसा अलीकडचा. गंगापूर धरणाजवळच्या सुला कंपनीची पहिली वाईन 2000 साली बाजारात आली आणि 2001 साली राज्य सरकारने या उद्योगासाठी वेगळे धोरण आखले. तरीही नाशिकची बहुतेक द्राक्षे खाण्यासाठीच पिकतात. वाईनचे द्राक्ष लहान, जाड सालीचे आणि बियांचे असते. हातगाडीवरून आपण घेतो ते थॉमसन किंवा सोनाका. हा फरक मुलांना बागेतच समजावून सांगावा.

घड कोणाच्या हाताचा?

बागेचा फोटो सगळे काढतात. तिच्यात राबणारे हात मात्र फोटोत क्वचितच येतात. छाटणी, फुटींची काढणी, घडांची विरळणी, औषधात घड बुडवणे, शेवटी तोडणी आणि पेटीत भरणी अशी कामे महिनोन् महिने चालतात. विरळणीत घडातले दाणे कात्रीने काढून टाकतात, म्हणजे उरलेले नीट फुगतात. मांडवाखाली मान वर करून दिवसभर हे काम करावे लागते. पेठ, सुरगाणा भागातले आदिवासी मजूर टोळ्यांनी येतात. काम पुष्कळदा एकराच्या हिशेबाने उक्ते ठरते. त्यांच्यात बायका मोठ्या संख्येने असतात. आपण गिरणीत, नाक्यावर, बांधकामावर घाम गाळणारी माणसे. ही मान का दुखते, ते आपल्याला वेगळे सांगावे लागत नाही. पोरांना द्राक्ष दाखवताना हे हातही दाखवा.

आणि एक सूचना. मालकाला विचारल्याशिवाय बागेत शिरू नका. घड तोडून तसाच तोंडात टाकू नका. त्यावर औषधाची फवारणी झालेली असते. विकत घ्या, धुवा आणि मग खा.

त्रिरश्मीचा हिशेब

नाशिक शहरापासून सुमारे आठ किलोमीटरवर, मुंबई-आग्रा महामार्गालगत त्रिरश्मी डोंगर आहे. लोक त्याला पांडवलेणी म्हणतात, पण पांडवांचा इथे काही संबंध नाही. ही 24 लेणी बौद्ध भिक्खूंच्या वर्षावासासाठी कोरलेली आहेत. पायऱ्यांची चढण वीस-पंचवीस मिनिटांची आहे. सकाळी लवकर निघाल्यास म्हातारी माणसेही सावकाश चढतात. 15 वर्षांखालील मुलांना तिकीट नाही.

तिसऱ्या लेण्यात गौतमीपुत्र सातकर्णीची आई गौतमी बलश्री हिचा प्रसिद्ध लेख आहे. दान फक्त राजघराण्यांनीच दिले असे नाही. आठव्या लेण्यावर मुगूदास नावाच्या 'दासका'चे नाव आहे. दासक म्हणजे कोळी, मासेमारी करणारा, असा अर्थ अभ्यासक लावतात. मासे धरणाऱ्या माणसाचे नाव जवळजवळ दोन हजार वर्षे दगडावर टिकले आहे.

दहाव्या लेण्यात थोडा वेळ बसा आणि शाळकरी पोराला गणित घाला. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने या लेण्यातल्या भिक्खूंसाठी 3000 कार्षापण कायमचे ठेवले. ते त्याने ठेवले गोवर्धन इथल्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे. श्रेणी म्हणजे कारागिरांचा संघ. त्यातल्या 2000 वर दरमहा शेकडा एक व्याज ठरले. त्या व्याजातून वर्षावास करणाऱ्या 20 भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी 12 कार्षापण द्यायचे होते. आता हिशेब करा. महिन्याला 20 म्हणजे वर्षाला 240, आणि 20 भिक्खूंचे 12 प्रमाणे 240. बरोबर जुळतो! मुद्दलाला हात लावायचा नाही, फक्त व्याज वापरायचे, हेही दगडावर कोरलेले आहे.

राजाच्या जावयाने आपली ठेव विश्वासाने सोपवली ती हातमागावर बसणाऱ्यांकडे. ते गोवर्धन म्हणजे गंगापूरजवळचे आजचे गोवर्धन गाव. ज्या वाईन कारखान्याकडे आज गाड्यांची रांग लागते, तो याच गावच्या शिवारात आहे. द्राक्षवेल येण्याआधी या मातीत कष्टकऱ्यांची पत पिकत होती.

पाणी, पाखरे आणि गड

दुसऱ्या दिवशी पहाटे निफाड तालुक्यातले नांदूर मध्यमेश्वर गाठा. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावरच्या बंधाऱ्यामुळे इथे मोठी पाणथळ जागा तयार झाली आहे. 2020 साली तिला रामसर यादीत स्थान मिळाले. असा मान मिळालेले महाराष्ट्रातले हे पहिले ठिकाण. हिवाळ्यात दूरदेशीचे पक्षी इथे उतरतात. चापडगावच्या बाजूला निरीक्षण मनोरे आहेत. स्वेटर न्या, निफाडची थंडी बोचरी असते.

चढायची हौस असेल तर दिंडोरीकडच्या वाटेवर आशेवाडीचा रामशेज आहे. उंची बेताची आहे, पण संभाजीराजांच्या काळात या गडाने मोगलांना कित्येक वर्षे दाद दिली नाही. वर बसून पोरांना हेही सांगा की कर्मवीर दादासाहेब गायकवाड याच दिंडोरी तालुक्यातल्या आंबे गावचे. 2 मार्च 1930 रोजी नाशकात सुरू झालेला काळाराम मंदिर सत्याग्रह चालवणाऱ्यांत ते आघाडीवर होते.

पेल्याचा प्रश्न

'वाईन म्हणजे दारू नव्हे, फळाचा रस', असे सांगणारे तिथे भेटतील. 2022 साली किराणा मालाच्या मोठ्या दुकानांत वाईन ठेवण्याच्या सरकारी निर्णयावरून हाच वाद राज्यभर पेटला होता. खरी गोष्ट अशी की वाईनमध्ये साधारण 12-13 टक्के मद्यार्क असतो. रस आंबला की तो रस राहत नाही. दारूने आपल्या वस्त्यांतली किती घरे बसवली, किती आयांनी मंगळसूत्र मोडून उसनवारी फेडली, हे आपण डोळ्यांनी पाहिले आहे. 'एकदा चव घ्यायला काय हरकत आहे?' असे कोणी म्हटले तर हसून नाही म्हणा. त्यात लाजण्यासारखे काही नाही. मुलांच्या देखत बापाने म्हटलेले 'नाही' मुले जन्मभर विसरत नाहीत.

नाशिकरोडला उतरून शहर बस आणि एसटीने यातले बरेचसे पाहता येते. दोन-तीन घरांनी मिळून गाडी ठरवली तर आणखी सोपे. भाकरी-चटणीचा डबा, पाण्याच्या बाटल्या, पोरांसाठी वही-पेन्सिल बरोबर घ्या. येताना दोन किलो द्राक्षे आणि थोडे बेदाणे आणा, शेजाऱ्यांना वाटा, आणि दहाव्या लेण्यातले ते गणित त्यांच्या पोरांनाही घाला.