माठातलं पाणी

1986 च्या मे महिन्यात अकोल्याला आजीकडे रोडग्यांचा बेत होता. अंगणात गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत रोडगे, बाजूला चुलीवर वरणाचा गंज. मी धावत आलो, अडखळलो आणि उकळतं वरण मनगटापासून कोपरापर्यंत सांडलं. आई माठाकडे धावली, तोच आजी ओरडली, "पाणी नोको टाकू वं, फोड येतीन!" मग दौतीतली निळी शाई हातावर ओतली. फोड आलेच. तासाभरात हात एवढा सुजला, की मनगटातलं चांदीचं कडं सोनाराला बोलावून कापावं लागलं. त्या सोनाराची कातर मला अजून आठवते. त्या दुपारी भाजलेल्या हाताला लागलेली ती एकच गार वस्तू.

आजीच्या मायेत काही उणं नव्हतं. शाई, हळद, टूथपेस्ट, चुन्याची निवळी नि तेल ही वऱ्हाडातल्या घराघरांतली औषधं होती. पण पाण्याने फोड येतो ही समजूत फार महागात पडली. फोड येतो तो भाजल्यामुळे: कातडीचा वरचा थर सुटतो आणि मध्ये पाणी साठतं. कातडीत शिरलेली उष्णता वरण पुसून टाकल्यावरही आत उतरत राहते, ती गार पाण्यानेच ओढून घ्यावी लागते. 20 मिनिटं वाहतं गार पाणी, असं आता डॉक्टर सांगतात. भाजल्यापासून 3 तासांच्या आत केलं तरी उपयोग होतो. बर्फ मात्र नको, त्याने कातडीला आणखी इजा होते.

"20 मिनिटं वाहतं पाणी" हे अकोल्यात वाचलं की मी थबकतो. काटेपूर्णेचं धरण खाली गेलं की नळाची दिवसेंदिवस वाट पाहायची, आणि मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीतलं पाणी स्वतःच चटका देतं. इथे माठच कामाचा. तांब्या-तांब्याने सोडावं, नाहीतर घमेल्यात हात बुडवून पाणी कोमट झालं की बदलावं.

पुढच्या मलमपट्टीची कथा मला सगळ्यांत जवळची, कारण रोज पट्टी काढताना जखमेला चिकटलेली जाळी ओढली जायची, ते मी सोसलंय. हे दुखणं आणि खर्च कमी करायला महाराष्ट्रातल्याच डॉक्टरांनी केवढी धडपड केली! मुंबईत डॉ. केसवानी यांनी 80 च्या दशकात उकडलेल्या बटाट्याच्या सालींच्या पट्ट्या वापरल्या. सोलापूरच्या डॉ. सुब्रह्मण्यम यांनी 1991 मध्ये मध आणि नेहमीचं चांदीयुक्त पांढरं मलम यांची तुलना छापली. सायन रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे यांनी केळीच्या पानाची पट्टी केली, तिचा अभ्यास 2003 मध्ये आला. पान मेणचट, म्हणून जखमेला चिकटत नाही आणि काढताना दुखत नाही. अकोटच्या, अंजनगावच्या केळीबागांमधून जाताना मला हे हटकून आठवतं. अर्थात ती पानं रुग्णालयात निर्जंतुक केलेली असतात, बागेतलं पान तोडून जखमेवर बांधायचं नाही.

अकोल्यात 2002 मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आलं. त्याआधी मोठं भाजलं की "नागपूरला, मेडिकलला न्या" हे ठरलेलं वाक्य होतं.

गेल्या उन्हाळ्यात अमरावतीला भाचीच्या पायावर चहा सांडला. माझ्या आईने आधी तिचे पैंजण काढले, मग माठ ओढून घेतला. नंतर धुतलेला सुती कपडा सैल गुंडाळून दवाखाना गाठला. जखम गुलाबी, ओलसर आणि खूप दुखणारी होती. "दुखतंय म्हणजे खोल गेलेलं नाही," डॉक्टर म्हणाले. फोड फोडू नका म्हणाले, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं. जखम दोन आठवड्यांत भरली.

आई ओतत होती तेव्हा मी घड्याळ धरून बसलो होतो. सोळाव्या मिनिटाला माठ संपला. मी पळत जाऊन शेजारच्या काकूंचा माठ उचलून आणला.