फीमाफीनंतरची खानावळ

दिवाळीचा फराळ संपतो न संपतो तोच परभणी जिल्ह्यातल्या सोनपेठ तालुक्यातील तांड्यांवरून, वाड्यांवरून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाची उचल आधीच खर्च झालेली असते, संसार ट्रॅक्टरवर चढतो आणि परतणं होतं ते थेट कारखान्याचा पट्टा पडल्यावर, उन्हाळ्याच्या तोंडाशी. महाविद्यालयांत शिष्यवृत्तीच्या अर्जांची, दाखल्यांची आणि त्रुटींची धावपळ चालते तीही बरीचशी याच दिवसांत. सोनपेठसारख्या तालुक्यात उच्च शिक्षण फीपाशी कमी अडतं. ते अडतं परगावी राहण्या-जेवण्यापाशी, आणि वेळेवर हाती न पडणाऱ्या पैशापाशी. आपलं धोरण मात्र अजून फीमाफीचाच ढोल वाजवतं.

फीमाफी खोटी आहे असं कुणी म्हणणार नाही. अनुसूचित जातींसाठीची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती 1944 पासूनची. 2024-25 पासून राज्याने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, मागास आणि इतर मागास घरांतल्या मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ केलं. हे पाऊल मोठंच. पण सोनपेठ शहरात पदवीसाठी कै. रमेश वरपुडकर महाविद्यालय असलं, तरी अभियांत्रिकी किंवा वैद्यकीय शिकायचं तर गाव सोडावं लागतं. कृषी विद्यापीठ परभणीला, तर 1994 साली स्थापन झालेलं स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ नांदेडला. सोनपेठ शहराला रेल्वे नाही. गाडी धरायची तर आधी परळी किंवा गंगाखेड गाठायचं. रोज जाऊन-येऊन शिकण्याजोगी ही अंतरं नव्हेत. म्हणजे फी शून्य झाली तरी खोलीभाडं आणि खानावळ उरतेच.

या खर्चाची दखल सरकारने घेतलीच नाही, असं नाही. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी 2016-17 पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आली. जिल्ह्याच्या ठिकाणी वर्षाला 43,000 रुपये : भोजनाचे 25,000, निवासाचे 12,000, निर्वाहाचे 6,000. दहा महिन्यांचा हिशेब धरला तर दोन वेळच्या जेवणाला दिवसाकाठी 83 रुपये पडतात आणि खोलीला महिन्याला 1,200. पुढे काही वर्षांनी इतर मागास आणि भटक्या-विमुक्तांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आली, तेव्हाही आकडा तोच ठेवला. तालुक्याच्या ठिकाणी तर 38,000. मधल्या काळात गॅस, डाळ, तेल तिथेच थांबलं होतं जणू! शिवाय या योजनेत जिल्ह्याला 600 जागा. परभणी जिल्ह्यात तालुके नऊ. सारख्या वाटल्या तरी एका तालुक्याच्या वाट्याला सत्तरही येत नाहीत. तांड्यावरची बंजारा मुलं याच रांगेत उभी असतात.

आपल्याकडचा जुना अनुभव याहून शहाणा होता. शाहू महाराजांनी कोल्हापुरात 1901 साली मराठा मुलांसाठी बोर्डिंग उभं करायला मदत केली आणि पुढे जैन, लिंगायत, मुस्लिम अशा निरनिराळ्या समाजांच्या मुलांसाठी वसतिगृहं उभी राहिली. भाऊराव पाटलांची रयत शिक्षण संस्थाही साताऱ्यातल्या बोर्डिंगवरच वाढली. खेड्यातल्या पोराला शहरात आधी पाठ टेकायला जागा आणि पोटाला भाकरी लागते, वर्ग त्यानंतर, हे त्यांनी ओळखलं होतं. मराठवाडा तर 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात. 1918 साली निघालेलं उस्मानिया विद्यापीठ हैदराबादेत, आणि शिकवणं उर्दूतून. इथल्या मुलाला पदवी म्हणजे परगाव आणि परभाषा दोन्ही. बाबासाहेबांनी 1950 साली औरंगाबादेत महाविद्यालय काढलं, तेच पुढचं मिलिंद. ते अंतर त्याने बरंच तोडलं. सोनपेठपासूनचं मात्र उरलंच.

यावर एक आक्षेप नेहमी येतो : योजना खंडीभर आहेत, पोरंच अर्ज भरत नाहीत. हे अर्धंच खरं आहे. उत्पन्नाचा दाखला, जात पडताळणी, आधारशी जोडलेलं बँक खातं, यांतला एक कागद जरी राहिला तरी महाडीबीटी पोर्टलवर अर्ज अडकतो. आणि तो सोडवायला ज्या बापाची कागदपत्रं, ज्याची सही हवी, तो तेव्हा दूर कुठल्या तरी फडात कोयता चालवत असतो. याला आळस म्हणता येत नाही. दुसरा आक्षेप मुक्त विद्यापीठाचा : घरी राहून शिका की. नोकरी करणाऱ्याला, सासरी असलेल्या सुनेला यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ वरदानच आहे. पण प्रयोगशाळेचं शिक्षण तसं होत नाही, आणि आई-बाप तोडीला गेलेलं घर म्हणजे अभ्यासाची खोली नव्हे, तिथे धाकट्या भावंडांचा स्वयंपाक असतो. तिसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. रोख रक्कम दिली की बनावट भाडेकरार येतात, पैसा भलतीकडे जातो. मला तो पटतो, म्हणूनच रकमेपेक्षा वसतिगृहाचा आग्रह अधिक. ऊसतोड कामगारांच्या मुला-मुलींसाठी संत भगवानबाबांच्या नावाने 10 जिल्ह्यांतल्या 41 तालुक्यांत 82 वसतिगृहांची योजना 2021 मध्ये जाहीर झाली. आखणी योग्य आहे. फक्त बारावीनंतर ही मुलं ज्या शहरांत जाणार, त्या परभणी-नांदेडलाही तितक्याच खाटा हव्यात.

आणि पैसा द्यायचाच असेल, तर पहिला हप्ता प्रवेशाच्या महिन्यात द्यावा, कारण खानावळवाला मार्चपर्यंत थांबत नाही. दाखले काढायची शिबिरंही श्रावण-भाद्रपदात, तांड्यावरच भरवावीत. टोळी तेव्हा गावातच असते.