चौतीस तास

ब्रायन सिंक्लेअर १९ सप्टेंबर २००८ रोजी दुपारी कॅनडातल्या विनिपेग शहरात एका मोठ्या रुग्णालयाच्या इमर्जन्सी विभागात आले. वय ४५, दोन्ही पाय कापलेले, व्हीलचेअरवर. लघवीची नळी तुंबली होती, म्हणून एका लहान दवाखान्यातून चिठ्ठी देऊन त्यांना इथे पाठवलं होतं. नळी बदलायची आणि अँटिबायोटिक सुरू करायचं, एवढंच काम होतं. दारातच ते एका कर्मचाऱ्याशी बोलले, त्यानं कागदावर काहीतरी टिपूनही घेतलं. पण तपासायच्या रुग्णांच्या यादीत त्यांचं नाव चढलंच नाही. पुढचे चौतीस तास ते तिथेच बसून होते. त्यांना उलट्या झाल्या. शेजारी ताटकळत बसलेल्यांनी कर्मचाऱ्यांना सांगूनही पाहिलं. अखेर कुणीतरी त्यांच्याकडे नीट पाहिलं, तेव्हा देह ताठरायला लागला होता. दारू चढली असेल, थंडीवाऱ्यापासून आसरा घ्यायला बसला असेल, असं तिथल्या काहींना वाटलं होतं. सिंक्लेअर आदिवासी होते.

वंशभेदानं माणसाचं मन दुखावतं, हे सहसा कुणी नाकारत नाही. पण तो रोगाच्या कारणांमध्ये मोजायला हवा, असं मला वाटतं. जंतुसंसर्ग, उपासमार, कोंदट घर यांच्याच रांगेत. कारण त्याची वाट शोधून दाखवता येते. रुग्ण तोंड उघडण्याआधीच त्याचं निदान झालेलं असतं, आणि खरा आजार मग कुणी शोधतच नाही. जॉयस एशाक्वान यांच्या बाबतीत हे अगदी स्पष्ट दिसलं. ३७ वर्षांच्या, सात मुलांच्या आई, अतिकामेक या आदिवासी समाजाच्या. पोटात असह्य दुखतंय म्हणून त्या क्वेबेक प्रांतातल्या जोलिएत इथल्या रुग्णालयात दाखल झाल्या आणि २८ सप्टेंबर २०२० रोजी तिथेच वारल्या. मृत्यूच्या थोडं आधी त्यांनी फोनवरून थेट प्रक्षेपण सुरू केलं होतं. खाटेशेजारच्या कर्मचारी स्त्रिया त्यांना मूर्ख म्हणताहेत, टोमणे मारताहेत, हे त्यात ऐकू येतं. अमली औषध सुटल्याचा हा त्रास आहे, असं तिथे गृहीत धरलं गेलं होतं. मृत्यू झाला फुप्फुसात पाणी भरल्यानं, आणि त्यामागे होता हृदयाचा जुना विकार. मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकारी झेहान कामेल यांनी २०२१ साली लेखी सांगितलं, की हा मृत्यू टळू शकला असता आणि वंशभेद व पूर्वग्रहांचा त्यात वाटा होता.

यावर पहिला आक्षेप येतो गरिबीचा. गरिबी, व्यसन, दुर्गम वस्ती यांमुळे हे लोक आजारी पडतात. त्यात वंश कशाला आणता? गरिबी खरीच आहे. पण कॅनडात रुग्णालयात खिशाला हात घालावा लागत नाही. सिंक्लेअर वैद्यकीय मदतीपासून हाकेच्या अंतरावर होते, हातात चिठ्ठी होती; त्यांना औषधापासून दूर ठेवलं ते त्यांच्याबद्दलच्या समजानं. शिवाय असे प्रसंग घरोघर पोचतात. इमर्जन्सीत जाण्याआधी तिथे कसं वागायचं याची आखणी करणारे, किंवा जायचंच टाळणारे आदिवासी रुग्ण तिथल्या संशोधकांना पुन्हा पुन्हा भेटले आहेत. उशिरा आलेला रुग्ण जास्त आजारी असतो, आणि मग ‘हे लोक वेळेवर येतच नाहीत’ हे म्हणायला सगळे मोकळे.

दुसरा आक्षेप जुना आहे: त्यांचं शरीरच नाजूक. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आदिवासी मुलांना घरापासून तोडून निवासी शाळांत ठेवत, आणि तिथे ती क्षयानं मरत. सरकारी वैद्यकीय अधिकारी पीटर ब्राइस यांनी १९०७ साली अशा ३५ शाळा पाहिल्या. ज्यांची माहिती मिळाली अशा सुमारे दीड हजार मुलांपैकी जवळपास चौथा हिस्सा मेल्याचं त्यांना आढळलं. त्यांनी बोट ठेवलं ते बंद खिडक्यांच्या, हवा न खेळणाऱ्या इमारतींवर. उपायही सुचवले. सरकारनं ते गुंडाळून ठेवले, आणि निवृत्तीनंतर १९२२ साली ब्राइस यांना स्वतःच पुस्तिका छापून हे लोकांसमोर मांडावं लागलं. क्षयाचा जंतू वंश ओळखत नाही. पण कुठल्या मुलांना कोंदट खोलीत निजवायचं, हे ठरलं होतं वंश पाहूनच.

उरतो तिसरा आक्षेप, चार-दोन वाईट माणसांचा. त्यासाठी जॉर्डन रिव्हर अँडरसन या क्री आदिवासी समाजातल्या मुलाकडे पाहावं. जन्मापासून गंभीर आजार. दोन वर्षांचा झाल्यावर डॉक्टरांनी घरी न्यायला हरकत नाही म्हटलं. घरच्या शुश्रूषेचा खर्च केंद्रानं द्यायचा की प्रांतानं, यावर दोन सरकारं भांडत बसली. आदिवासी नसलेल्या मुलाच्या बाबतीत हा प्रश्नच उठला नसता; खर्च प्रांताकडेच असता. २००५ साली, पाच वर्षांचा असताना, जॉर्डन रुग्णालयातच वारला. घरात एक रात्रही न झोपता. त्याला कुणी शिवी दिली नव्हती, कुणी हिणवलं नव्हतं. सगळे नियमानं वागत होते.

म्हणूनच कामेल यांनी क्वेबेक सरकारला पहिली शिफारस केली ती हा वंशभेद व्यवस्थेतच आहे हे मान्य करण्याची. प्रांताचे तेव्हाचे प्रमुख फ्रान्स्वा लगो यांनी ती फेटाळली. जॉयस यांचं गाव मानावान. तिथून जोलिएत दीडशे किलोमीटरहून जास्त लांब आहे, आणि तिथल्या रुग्णाला एवढं अंतर कापून त्याच व्यवस्थेच्या दारी जावं लागतं.