तराळाच्या लेकाची लेखणी : शंकरराव खरात

आमच्या वर्तकनगरातल्या मुलांना विचारा, ‘तुझे पणजोबा गावात काय काम करीत?’ बहुतेक मुले गप्प बसतात. दोष मुलांचा नाही. कारखान्यातली पाळी, कचेरीतली नोकरी आम्ही घरात सांगतो. त्यामागची येसकरकी, तराळकी मात्र झाकून ठेवतो. म्हणूनच कादंबरीकार व पत्रकार कालकथित शंकरराव खरात यांची ओळख घराघरांत व्हायला हवी. त्यांनी काहीच झाकले नाही.

सांगली जिल्ह्यातील आटपाडी येथे १९२१ साली त्यांचा जन्म झाला. वडील गावचे तराळ. मयताचा सांगावा परगावी न्यायचा, दौंडी पिटायची, बेवारशी प्रेताची राखण करायची आणि त्याबद्दल दारोदार भाकरी मागून आणायची. एकदा विहिरीतले प्रेत काढण्यासाठी पोलिसाने वडिलांना विहिरीत उतरायला लावले. काठावर उभ्या असलेल्या पोराने ते डोळ्यांनी पाहिले. पुढे ‘तराळ-अंतराळ’ या आत्मकथनात त्यांनी तो प्रसंग जसाच्या तसा लिहिला. बापाच्या कामाची लाज त्यांनी धरली नाही. ज्यांनी ते काम लादले, लाज त्यांना वाटावी, असे लिहिले.

औंध व पुणे येथे शिकून ते वकील झाले आणि परमपूज्य बाबासाहेबांच्या चळवळीत राहिले. १९३० साली सुरू झालेल्या ‘जनता’ पत्राचे नाव बाबासाहेबांनी ४ फेब्रुवारी १९५६ रोजी ‘प्रबुद्ध भारत’ केले. त्याच वर्षी ६ डिसेंबरला त्यांचे महापरिनिर्वाण झाले. पोरक्या झालेल्या समाजाला त्या दिवसांत आपल्या पत्राचाच आधार होता. पुढे काही काळ त्याचे संपादन खरातांनी केले. बाप गावाचा सांगावा घेऊन अनवाणी फिरला. लेकाने समाजाचा सांगावा छापून गावोगाव पोचवला.

‘सांगावा’, ‘दौंडी’, ‘तडीपार’ ही त्यांच्या कथासंग्रहांची नावे पाहा. बापाच्या जगण्यातले शब्दच त्यांनी पुस्तकांवर चढवले. ‘हातभट्टी’, ‘झोपडपट्टी’, ‘फूटपाथ नंबर १’ या कादंबऱ्यांत पोटासाठी शहरात आलेली माणसे आहेत. म्हणजे आपलीच माणसे!

तराळाचा हा मुलगा मराठवाडा विद्यापीठाचा कुलगुरू झाला. १९८४ साली जळगावच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपदही त्यांनी भूषविले. २००१ साली त्यांचे निधन झाले.

समाजबांधवांनो, आपल्या आजी-आजोबांजवळ अशी कितीतरी पाने आहेत. ती माणसे एकेक करून जात आहेत. येत्या रविवारी विहारातून घरी आल्यावर मुलाच्या हाती वही द्या, त्याला आजीजवळ बसवा. आजी सांगेल, नातू लिहील. लिहिताना चुका होऊ द्यात. लाज मात्र वाटू देऊ नका.

जयभीम!