गॅरेजमधले शिंके

जुन्या घरांत दुधा-दह्याची भांडी शिंक्यावर ठेवीत. मांजरापासून दूर, पण आपल्या हाताजवळ. हे शिंके टांगलेले असे माळ्याच्या कडीला. शिंक्याचे तुटले आणि बोक्याचे फावले, ही म्हण तुम्हांला ठाऊक आहेच. म्हणीतले शिंके तुटले तर फार तर दही जाते. पण छताला शंभर किलोग्रॅमचे ओझे टांगले आणि ते तुटले तर? खाली उभे असलेल्या माणसाचा जीवच जाऊ शकतो.

असेच एक मोठे शिंके आज आपण कागदावर बांधून पाहू या. त्यासाठी आपल्याला जायचे आहे अमेरिकेतील मिशिगन राज्यात. तेथे हिवाळ्यात भरपूर बर्फ पडते. म्हणून अनेक जण मोटारीची नेहमीची चाके काढून बर्फात न घसरणारी चाके बसवतात. मग काढलेली चार चाके ठेवायची कोठे? गॅरेजमधली जमीन मोटारीनेच व्यापलेली असते. रिकामे असते ते छत. तेव्हा घरमालक दुकानात जातो आणि पोलादी चॅनेल मागतो. दुकानदार विचारतो, “केवढ्या उंचीचे? किती फूट? नट कोणते?” या प्रश्नांची उत्तरे दुकानात नसतात, ती पदार्थविज्ञानात असतात.

पत्र्याला घडी घातली की

हे चॅनेल म्हणजे पोलादी पत्रा दुमडून केलेली एक पन्हळ. तळ, दोन बाजू, आणि बाजूंच्या कडा पुन्हा आत वळवलेल्या. १९२४ साली मिशिगनमध्येच चार्ल्स ॲटवुड यांनी ही पद्धत पुढे आणली. तिचा सर्वांत प्रचलित आकार १ ५/८ इंच रुंद व तेवढाच उंच, म्हणजे सुमारे ४१ मिलिमीटर आहे. भारतातही ४१ मिलिमीटरचे चॅनेल मिळते.

पत्रा दुमडायचा कशासाठी? एक प्रयोग करा. पुस्तकांच्या दोन समान गठ्ठ्यांवर एक पोस्टकार्ड आडवे ठेवा. मध्ये दोन-चार नाणी ठेवताच ते खाली झोकते. आता त्याच कार्डाच्या दोन्ही लांब कडा बोटभर वर दुमडा आणि पुन्हा ठेवा. या वेळी ते कितीतरी अधिक नाणी पेलते. कागद तोच, वजन तेच. बदलला तो केवळ आकार.

कारण असे की, कोणतीही तुळई वाकू लागली की तिचा वरचा भाग दाबला जातो आणि खालचा ताणला जातो. मधल्या भागाला मात्र फारसे काम पडत नाही. जो पदार्थ मध्यापासून जितका दूर, तितका तो वाकण्याला अधिक विरोध करतो. अंतर दुप्पट झाले की त्याचा विरोध चौपट होतो. सपाट पत्र्यातले सगळे पोलाद मध्याला चिकटून असते. पन्हळीत ते वर-खाली दूर नेलेले असते. सुमारे २.७ मिलिमीटर जाडीच्या पत्र्याचे ४१ मिलिमीटरचे चॅनेल घेऊन हिशेब केला, तर त्याचा ताठपणा त्याच सपाट पत्र्याच्या तीनशे पटींहून अधिक भरतो.

यातूनच दुकानदाराच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळते. २१ मिलिमीटर उंचीचे चॅनेल स्वस्त आणि हलके असते. पण उंची निम्मी झाली म्हणून ताठपणा निम्मा राहत नाही, तो चौथ्या हिश्श्यापेक्षाही कमी होतो. आपल्या शिंक्यासाठी ४१ मिलिमीटरचेच घ्यावे.

आत वळलेल्या कडा

या कडा दोन कामे करतात. पातळ पत्र्याची मोकळी कड दाबली गेली की लाटेसारखी मुडपते. ती आत वळवली की हे मुडपणे टळते. दुसरे काम नटाला पकडण्याचे. चॅनेलचा नट लांबट असतो. तो उभा आत सरकवायचा आणि पाव फेरा फिरवायचा. मग तो दोन्ही कडांवर आडवा बसतो. त्याच्या खाचांतले दाते कडांत रुततात. पाठीमागची स्प्रिंग त्याला बोल्ट आवळेपर्यंत जागेवर धरून ठेवते.

चॅनेल छताला तोंड खाली करून बसवले, तर भार नटातून सरळ दोन्ही कडांवर टेकतो. हेच चॅनेल भिंतीवर उभे बसवले, तर नटाला घसरण्यापासून रोखतात ते केवळ घर्षण आणि दाते. म्हणून तेथे नट पुरेसा आवळणे अधिकच महत्त्वाचे ठरते.

साखळीची सर्वांत कच्ची कडी

आता चाकांचे वजन कोठून कोठे जाते ते पाहा. चाकांकडून खालच्या चॅनेलकडे, तेथून सळईकडे, सळईकडून नटाकडे, नटाकडून वरच्या चॅनेलकडे, तेथून स्क्रूंकडे आणि शेवटी छताच्या लाकडी कड्यांकडे. ही एक साखळी आहे. तिच्यातला सर्वांत कच्चा दुवा जेवढे पेलतो, तेवढेच सगळे शिंके पेलते. बाकीचे दुवे कितीही भक्कम असले तरी त्यांचा उपयोग होत नाही.

याची दोन दुःखद उदाहरणे आहेत. १० जुलै २००६ रोजी अमेरिकेतील बोस्टन शहराच्या एका भुयारी रस्त्यात छताच्या जड काँक्रीट फळ्या एका मोटारीवर कोसळल्या आणि एक महिला मरण पावली. त्या फळ्या टांगणारे बोल्ट वरच्या काँक्रीटमध्ये एपॉक्सी डिंकाने बसवलेले होते. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने चौकशी केली. तेथे वापरलेला डिंक सततच्या ताणाखाली हळूहळू लांबत गेला आणि बोल्ट उपसून आले, असा निष्कर्ष निघाला. २ डिसेंबर २०१२ रोजी जपानमधील सासागो बोगद्यात छत कोसळून ९ जण मृत्युमुखी पडले. तेथेही डिंकाने बसवलेले बोल्ट सुटले होते. दोन्ही ठिकाणी कच्चा दुवा होता तो बोल्ट आणि छत यांच्या सांध्यात.

आता खरेदीचा हिशेब

समजा, एका चाकाचे टायरसह वजन २० किलोग्रॅम आहे. चार चाकांचे ८० झाले. चॅनेल बाजारात १० फुटी तुकड्यांत मिळते. असे दोन तुकडे घेऊ आणि प्रत्येकाचे ६ फूट व ४ फूट असे भाग करू. ६ फुटी दोन भाग छताला आणि ४ फुटी दोन भाग खाली. चाके खालच्या दोन चॅनेलांवर आडवी टेकवून उभी ठेवायची. म्हणून चॅनेलांत दीड फूट अंतर ठेवू. २० फूट चॅनेलचे वजन सुमारे १७ किलोग्रॅम. सळया, नट व वॉशर धरून एकूण ओझे झाले १०० किलोग्रॅम.

सळया चार. मग प्रत्येकीवर २५ किलोग्रॅम ना? येथे सावध राहा! चार पायांचे टेबल उंचसखल जमिनीवर कसे डुगडुगते ते आठवा. एखादी सळई किंचित लांब राहिली, तर समोरासमोरच्या कोपऱ्यांतील दोनच सळया जवळजवळ सगळा भार घेतात. म्हणून प्रत्येकीवर ५० किलोग्रॅम धरू. ३/८ इंच जाडीच्या आटे पाडलेल्या सळईचा सुरक्षित भार कोष्टकांत २७५ किलोग्रॅमच्या आसपास दिलेला असतो. सळई उत्तीर्ण झाली.

आता स्क्रू. या घरांच्या छतात लाकडी कड्या बहुधा १६ इंचांच्या अंतरावर असतात. आपल्या वाड्यांतील कडीपाटाच्या कड्यांसारख्याच त्या असतात, फक्त खालून जिप्समच्या फळ्यांनी झाकलेल्या. जिप्सम ठिसूळ असते, भार पेलणे हे त्याचे काम नव्हे. स्क्रू कडीच्या मध्यावरच शिरला पाहिजे, आणि त्याआधी थोडे बारीक भोक पाडले पाहिजे. नाहीतर लाकूड चिरते. चॅनेल कड्यांना आडवे बसवले की ६ फुटांत पाच कड्या सापडतात. अमेरिकी चॅनेलच्या पाठीत दर २ इंचांवर लांबट भोके असतात. १६ ला २ ने पूर्ण भाग जातो, त्यामुळे एक भोक कडीवर आले की पुढचीही बरोबर येतात. दोन चॅनेलांना मिळून दहा स्क्रू लागतील. मात्र येथेही सरासरीवर विसंबू नये. सळईच्या जवळच्या स्क्रूवर सर्वांत जास्त भार येतो.

उरल्या त्या कड्या. अमेरिकेतील घरांच्या आदर्श नियमावलीत, सामान न ठेवण्याच्या माळ्यासाठी दर चौरस फुटाला १० पौंड भार धरतात, म्हणजे चौरस मीटरला सुमारे ४९ किलोग्रॅम. आपल्या शिंक्याची जागा ४ फूट गुणिले दीड फूट, म्हणजे सुमारे ०.५५ चौरस मीटर. तिच्यावर १०० किलोग्रॅम, म्हणजे चौरस मीटरला सुमारे १८०. हे साडेतीन पटींहून अधिक झाले! बाकीचे छत रिकामे असल्याने कड्या लगेच मोडतील असे नाही. पण न विचारता टांगण्यासारखी ही गोष्ट निश्चितच नाही. कारखान्यात बनलेल्या बारीक लाकडी कैच्यांचे छत असेल, तर अभियंत्याला विचारलेच पाहिजे. चॅनेल दुप्पट जाड घेतले तरी हा आकडा कमी होत नाही.

एक युक्ती मात्र फुकट आहे. शिंके कडीच्या मध्यावर न टांगता भिंतीजवळ टांगा. भिंतीपासून कडीच्या लांबीच्या आठव्या हिश्श्यावर तेच ओझे आणले, तर कडीला वाकवणारे आघूर्ण निम्म्याहून कमी होते.

यादी देण्यापूर्वी

आपली यादी अशी झाली: १० फुटी चॅनेल दोन, सळया चार, चॅनेलचे नट चार, खाली चौकोनी जाड वॉशर चार, साधे नट, वॉशरसह स्क्रू दहा, आणि कापलेल्या टोकांवर बसवायच्या टोप्या.

दोन गोष्टी तपासा. पहिली, आटे. ३/८ इंचाची सळई ९.५ मिलिमीटर जाड, तर एम १० ची १० मिलिमीटर. डोळ्यांना फरक कळत नाही, पण दोघींच्या आट्यांतील अंतर निराळे आहे. एकीचा नट दुसरीवर बसवू नये. तो नीट पकडत नाही.

दुसरी, गंज. चॅनेलवर जस्ताचा मुलामा असतो. जस्त स्वतः झिजते आणि लोखंडाला वाचवते. पण करवतीने कापले की टोकाशी उघडे लोखंड दिसू लागते. तेथे जस्तयुक्त रंग लावावा. मिशिगनमध्ये बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यांवर टाकलेले मीठ चाकांबरोबर गॅरेजात येते. आपल्या कोकणकिनाऱ्यावर ते वाऱ्याबरोबरच येते. मीठ कोठूनही आले तरी लोखंडाचा शत्रूच.

मिशिगन दूर असले तरी हे चॅनेल दूर नाही. मेट्रोचे स्थानक, मोठे रुग्णालय किंवा इमारतीखालचा वाहनतळ येथे गेलात की वर पाहा. पाण्याचे नळ आणि विजेच्या तारा अशाच पन्हळींना टांगलेल्या दिसतील. तेथे लाकडी कड्यांऐवजी काँक्रीटचे छत असते. एखादा नळ निवडा आणि त्याचे वजन कोणकोणत्या दुव्यांतून छतापर्यंत जाते ते वहीत काढा. मग प्रत्येक दुव्यापुढे एकच प्रश्न लिहा: हा सुटला तर?