स्टीअरिंगचं तेल गळतंय? आधी कौल शोधू, मग खर्च करू

या कार्यक्रमात आपण शेळ्या, पापड, कर्जाचे हप्ते यांवर नेहमी बोलतो. आज आम्ही गाडीच्या बोनेटखालचं बोलणार आहोत. हसू नका. ज्या गटाकडे जुनी जीप किंवा पिकअप आहे त्यांनी वही-पेन घेऊन बसा. ज्यांच्याकडे गाडी नाही त्यांनीही ऐका, कारण कुणाच्या ना कुणाच्या जीपमध्ये बसून आपण सगळ्याच घाट उतरतो.

आमचा गट तळोदा तालुक्यातला, सातपुड्याच्या पायथ्याचा. गटाची एक जुनी डिझेल जीप आहे, सेकंडहँड घेतलेली. धडगावकडच्या पाड्यांवरून आमचूर, मोहफुलं खाली आणायची आणि खालून किराणा वर न्यायचा, हे तिचं रोजचं काम. रात्री-अपरात्री एखादी बाई अडली, तर १०८ ला फोन करतोच, पण रुग्णवाहिका पोचेपर्यंत आमची जीपही तयार ठेवतो. चालवणारीही आमच्यातलीच एक.

उन्हाळा संपत आला होता. आमचुराची पोती पाऊस पडायच्या आत खाली आणायची होती. आठवडाभर वळणावर गाडी 'घूंऽऽ' असा आवाज करत होती. आम्हाला वाटलं, जुनी गाडी आहे, कुरकुरणारच. एके दिवशी चांदसैली घाट उतरताना स्टीअरिंग एकदम जड झालं. तिनं दोन्ही हातांनी ओढून वळणं काढली, आणि खाली सपाटीला आल्यावर गाडी थांबवली. बोनेट उघडलं तर तेलाची छोटी टाकी तळाला गेलेली, आणि खाली सगळीकडे लाल तेल.

एका गॅरेजवाल्यानं नुसतं बघून सांगितलं, "पंप गेला ताई, नवीन टाका." त्यानं सांगितलेला आकडा गटाच्या पेटीत नव्हता. रात्री बैठक बसली. एक म्हणाली कर्ज काढू, दुसरी म्हणाली गाडीच विकून टाकू. तेव्हा आमच्यातली एक म्हातारी आजी म्हणाली, "पावसात घर गळतं तेव्हा तुम्ही सगळं छप्पर बदलता का गं? आधी फुटकं कौल शोधता. आणि पाणी चुलीवर पडतं म्हणून कौल चुलीच्याच वर फुटलेलं असतं का? पाणी वाशावरून वाहत येतं. फुटकं कौल वर असतं."

आजीनं गाडीला कधी हात लावला नव्हता, पण तिचं म्हणणं अगदी बरोबर निघालं.

आधी हे स्टीअरिंग कसं चालतं ते समजून घेऊ. इंजिनवरच्या पट्ट्यानं एक पंप फिरतो. तो टाकीतलं तेल ओढतो आणि जाड, मजबूत पाइपातून मोठ्या दाबानं स्टीअरिंगच्या पेटीकडे ढकलतो. आपण चाक वळवलं की ते तेल वळवायला जोर देतं, आणि मग साध्या रबरी पाइपातून टाकीत परत येतं. मोटारगाड्यांत हे पहिल्यांदा विक्रीला आणलं अमेरिकेतल्या क्रायस्लर कंपनीनं, १९५१ साली. आपल्याकडच्या जुन्या जीप, पिकअप याच पद्धतीच्या. नव्या लहान गाड्यांत बहुधा विजेच्या मोटरवर चालणारं स्टीअरिंग असतं, त्यात हे तेल नसतं. म्हणून आपल्या गाडीला तेलाची टाकी आहे का, ते आधी पाहा.

तेल कमी झालं की पंपात हवा शिरते. म्हणून तो घूंऽऽ आवाज, म्हणून टाकीत फेस, म्हणून वळताना झटके. तसंच चालवत राहिलं तर तेलाशिवाय पंप आतून घासतो, आणि मग नवीन पंप टाकण्यावाचून इलाज राहत नाही. तो आवाज आम्ही आठवडाभर ऐकून सोडला, ही आमची चूक.

आता शोध कसा घ्यायचा ते सांगतो.

गळतंय ते कोणतं तेल, हे आधी ठरवा. रात्री गाडी सपाट जागी लावा आणि इंजिनखाली पुठ्ठा पसरा. सकाळी डाग बघा. स्टीअरिंगचं तेल बऱ्याच गाड्यांत लाल असतं, जुनं झालं की तपकिरी होतं. इंजिनचं तेल काळं. रेडिएटरचं पाणी हिरवं किंवा गुलाबी आणि पातळ. ब्रेकचं तेल फिकट पिवळसर. ब्रेकचं तेल गळत असेल तर गाडी जागची हलवूच नका. रंगावरून नक्की कळलं नाही तर टाकीतली पातळी पाहा. जी टाकी रोज खाली जाते, तिचंच तेल.

मग धुवा. तेलानं माखलेल्या इंजिनात काहीच कळत नाही. पंखा आणि पट्टा तेल चारी बाजूंना उडवतात. इंजिन थंड असताना पंप, पाइप, सांधे जुन्या कापडानं स्वच्छ पुसा आणि कोरडे होऊ द्या. आम्ही त्यावर तोंडाला लावायची पावडर हलकी भुरभुरली. पांढऱ्यावर लाल ओल लगेच दिसते.

आता टाकी खुणेपर्यंत भरा, जास्त नको. काठोकाठ भरली तर तेल गरम होऊन झाकणातून बाहेर येतं आणि गळतीच आहे असं वाटतं. एकीनं चाकामागे बसून इंजिन सुरू करावं आणि चाक सावकाश दोन्ही बाजूंना वळवावं. दुसरीनं बॅटरी धरून लांबून बघावं. काही मिनिटांनी इंजिन बंद करून जवळून पाहावं.

इथे जपायचं, मैत्रिणींनो. इंजिन सुरू असताना पट्ट्याजवळ जायचं नाही. पदर खोचा, ओढणी काढून ठेवा, वेणी बांधा. गळती बोटानं चाचपायची तर मुळीच नाही. चाक पूर्ण वळवून धरलं की त्या पाइपातला दाब चाकातल्या हवेच्या तीसपट किंवा त्याहूनही जास्त होतो. बारीक छिद्रातून सुटलेलं तेल कातडीत घुसू शकतं. तसं झालं तर जखम टाचणीएवढी दिसली तरी थेट दवाखाना गाठायचा.

आता आजीचं सूत्र. खाली कुठे ठिबकतंय ते सोडा, सगळ्यात वर कुठे ओलं आहे ते शोधा. गळण्याच्या जागा मोजक्याच असतात.

टाकीच्या झाकणापाशी ओलं असेल तर झाकण सैल आहे किंवा तेल जास्त भरलंय.

परत येणाऱ्या रबरी पाइपाच्या टोकाशी ओलं असेल तर क्लिप ढिली आहे किंवा रबर चिरलंय. हे काम सगळ्यात स्वस्त, आणि सगळ्यात आधी हेच बघायचं.

दाबाच्या पाइपाचा पंपाशी सांधा ओला असेल तर बोल्टाखालचे तांब्याचे वॉशर किंवा आतली रबरी रिंग बदलावी लागते. पाइपच फुगला, चिरला असेल तर पाइप बदलायचा. त्याला साधा पाइप कापून जोड देऊ देऊ नका, तो तेवढा दाब सोसत नाही.

पंपाच्या पुलीमागे ओलं असेल, बोनेटच्या आतल्या बाजूला तेलाचे शिंतोडे दिसत असतील, तर पंपाच्या दांड्याची सील गेली. विहिरीवरच्या मोटरीत पाणी दांड्याजवळून ठिबकायला लागतं, तेव्हा आपण ग्लँड बदलतो ना, तसंच हे.

आणि पंप कोरडा, पण खाली स्टीअरिंगची पेटीच ओली असेल, तर पंप बदलून काहीच उपयोग नाही.

आमच्या गाडीत काय निघालं? पहिल्या दिवशी रबरी पाइपाच्या क्लिपपाशी ओल दिसली. पाइप टोकाला चिरला होता. पाइप आणि क्लिप बदलली. तीन दिवस आम्ही खूश. चौथ्या दिवशी टाकी पुन्हा थोडी खाली. पुन्हा पुसलं, पुन्हा पावडर. या वेळी पुलीमागे लाल कडं उमटलं. म्हणजे गॅरेजवाला अगदीच चुकीचा नव्हता, पंप गळतच होता. पण सगळा पंप गेला होता का, हे त्यानं पाहिलं नव्हतं.

आम्ही दुसऱ्या, वयस्कर मिस्तरींकडे गेलो. त्यांनी पंप आमच्यासमोर उघडला. पुली हातानं हलवून दाखवली, ती डगमगत नव्हती, म्हणजे बेअरिंग ठीक. दांड्यावर नख फिरवून पाहिलं, खाच लागली नाही. "सीलचं किट टाकलं की झालं," ते म्हणाले. "दांड्याला खाच असती तर नवी सीलही महिन्यात कापली गेली असती. मग मीही पंप बदलाच म्हणालो असतो." किटची किंमत पंपाच्या मानानं किरकोळ होती. मजुरी जास्त लागली, कारण पुली पुलर लावूनच काढावी लागते. हातोडीनं ठोकून काढली तर दांडा वाकतो.

पट्टाही त्यांनी बदलला. तेल प्यायलेला पट्टा घसरतो आणि लवकर तुटतो. तो तुटला तर नुसतं स्टीअरिंगच जड होत नाही. बऱ्याच डिझेल गाड्यांत ब्रेकला जोर देणारा व्हॅक्युम पंप अल्टरनेटरवर बसवलेला असतो आणि अल्टरनेटर पट्ट्यावर फिरतो. म्हणजे त्या पट्ट्यावर ब्रेकचा जोरही अवलंबून. हे ऐकून आम्हाला घाटातली ती दुपार आठवली आणि अंगावर काटा आला.

शेवटचं काम, हवा काढणं. पुढची चाकं जॅकनं उचलून खाली लोखंडी घोडी लावली. नुसत्या जॅकवर काम करायचं नाही. इंजिन बंद ठेवून चाक या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश वीसेक वेळा फिरवलं, टाकीत तेल घालत गेलो. मग इंजिन सुरू करून पुन्हा फिरवलं. टोकाला चाक पाच सेकंदांपेक्षा जास्त धरायचं नाही, तेल तापतं आणि पंपावर ताण येतो. फेस गेला, आवाज गेला, तेव्हा काम संपलं.

तेल कोणतं घालायचं? गाडीच्या पुस्तिकेत किंवा टाकीच्या झाकणावर लिहिलेलं असेल तेच. लाल दिसतं म्हणून कोणतंही नको, आणि ब्रेकचं तेल तर चुकूनही नको, त्यानं आतलं सगळं रबर फुगून खराब होतं. गळती थांबवणारं औषध बाटलीत मिळतं, ते जुन्या रबराला थोडं फुगवतं. तात्पुरता उपाय आहे, घाटात जाणाऱ्या गाडीनं त्यावर विसंबू नये. काढलेलं तेल ओढ्यात, विहिरीजवळ ओतू नका. डब्यात भरून गॅरेजला द्या.

आणि घाटातच स्टीअरिंग जड झालं तर? घाबरायचं नाही. चाक वळतं, फक्त जोर लागतो. वेग कमी करा, खालचा गिअर टाका, इंजिन बंद करू नका, सुरक्षित जागा दिसली की थांबा. तेल गरम सायलेन्सरवर पडत असेल, धूर येत असेल, तर थांबल्यावर इंजिन बंद करा आणि सगळ्यांना खाली उतरवा.

जीप उभी होती त्या दिवसांत आम्ही एक खेप भाड्याच्या पिकअपनं आणली. नफ्यातला मोठा वाटा भाड्यात गेला. दोन पोती भिजली. तरी पंपाचे पैसे वाचले, आणि जीप विकली नाही.

बचत गटातल्या बायांनी खेड्यापाड्यांत प्रवासी गाड्या चालवाव्यात म्हणून केंद्र सरकारनं २०१७ साली आजीविका ग्रामीण एक्सप्रेस योजना आणली. गाडी कशी मिळवायची ते आपल्याला सांगितलं जातं. ती जुनी झाल्यावर काय बघायचं, ते आपणच एकमेकींना सांगायला हवं.

म्हणून मिस्तरींना विचारायचे चार प्रश्न वहीत लिहून घ्या. गळती नेमकी कुठून आहे, मला दाखवाल का? पुली डगमगते का? दांड्याला खाच आहे का? काढलेला भाग परत द्याल का? चांगला मिस्तरी या प्रश्नांनी रागावत नाही.

आमच्या गटात आता दर सोमवारी बैठकीआधी दोघी जणी बोनेट उघडतात. इंजिन थंड असताना टाकीची पातळी पाहतात आणि इतिवृत्ताच्या वहीत, बचतीच्या रकमेच्या खालीच, एक ओळ लिहितात. गेल्या सोमवारची ओळ आजीनं सांगून लिहवून घेतली: "तेल खुणेवर, पुठ्ठा कोरडा."

तुमच्या गाडीखाली आज रात्री पुठ्ठा टाका. काय दिसलं ते आम्हाला कळवा. भेटू पुढच्या भागात.