शीळ, ओढा आणि पाठीवरचं वजन

पासलीच्या बाजूला पक्ष्यांचे आवाज टिपायला निघालेल्याची पहिली पंचाईत अशी, की इथला सगळ्यात देखणा गवई भर पावसातच गातो. मलबारी कस्तुर म्हणजेच शीळकरी कस्तुर याचा विणीचा हंगाम ऐन पावसाळ्यात, घर ओढ्याकाठच्या कपारीत आणि मैफल उजाडण्याआधीची. वेल्ह्याहून पासली, पासलीहून घाट चढून केळद आणि पुढे मढे घाटाचा कडा, या सगळ्या टापूत आषाढात हे तिन्ही योग एकदम जुळून येतात. ओढे दुथडी भरलेले, कोकणातून वर चढणारा वारा कड्यावर उभं राहू देत नाही आणि धुक्याने कपडे न भिजताच ओले होतात. पक्षी सर्वांत जास्त गातो तेव्हाच त्याच्याभोवतीचा कोलाहलही सर्वांत मोठा असतो.

म्हणून दुकानात जाऊन ‘पक्ष्यांसाठी चांगला हलका रेकॉर्डर कोणता’ असं विचारण्यात फारसा अर्थ नाही. आधी कोणता पक्षी, कुठे आणि त्याच्या आवाजावर कुरघोडी करणारा दुसरा आवाज कोणता, हे ठरवायचं. सामान त्यानंतर ठरतं. आणि ते नसरापूर फाट्यावर बस बदलून, गुडघाभर चिखलातून पाठीवर न्यायचं असेल, तर एकेका ग्रॅमला जाब विचारावा लागतो.

हा ग्रॅमांचा हिशोब अलीकडचा. पक्ष्याचा आवाज टिपल्याची सर्वांत जुनी ज्ञात नोंद १८८९ची. जर्मनीत लुडविग कॉख या आठ वर्षांच्या मुलाने एडिसनच्या यंत्रावर, मेणाच्या नळकांड्यावर, आपल्या पिंजऱ्यातल्या पक्ष्याचं गाणं घेतलं. तो पक्षी होता शामा, आपल्या सह्याद्रीच्या जंगलातही राहणारा. यंत्राला हलायची गरज नव्हती, कारण गवईच पिंजऱ्यात होता. रानातल्या पक्ष्याकडे यंत्र न्यायचं म्हटल्यावर खरे हाल सुरू झाले. १९३५ साली अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाची मंडळी लुइझियानाच्या दलदलीत एका दुर्मीळ सुतार पक्ष्याचा आवाज घ्यायला गेली. ध्वनियंत्रांनी भरलेला ट्रक पुढे जाईना, तेव्हा सगळी सामग्री खेचरांच्या गाडीवर लादून आत न्यावी लागली. पन्नाशीच्या दशकात स्टेफान कुडेल्स्कीच्या नाग्रा टेपरेकॉर्डरने हा संसार एका माणसाच्या खांद्यावर आणला, तरी तो काही किलोंचा होता. आज सोनीचा पीसीएम-ए१० हा रेकॉर्डर ८२ ग्रॅमचा आहे. सदऱ्याच्या खिशात टाकला तर विसरून जाल.

यंत्र हलकं झालं, पण ओढा आहे तेवढाच मोठा राहिला. उघड्यावर आवाजाच्या उगमापासूनचं अंतर दुप्पट झालं की पातळी साधारण सहा डेसिबलने उतरते. ओढ्याचं मात्र तसं नाही, तो लांबच लांब पसरलेला, चहूबाजूंनी येणारा आवाज. चाळीस मीटरवरून वीस मीटरवर आणि वीसवरून दहावर आलात, तर कस्तुराची शीळ बारा डेसिबलने वर येते आणि ओढा जवळपास तिथेच राहतो. हा फरक विकत घ्यायचा तर बरेच पैसे मोजावे लागतील. चालत जाऊन मिळवायचा तर पक्ष्याची रोजची बसायची जागा आदल्या दिवशी हेरून ठेवावी लागते. कस्तुर ठरावीक दगडांवर, ठरावीक फांद्यांवर येऊन गातो. संध्याकाळी जागा पाहून ठेवायची, पहाटे अंधारात तिथे आधीच जाऊन बसायचं आणि मध्ये एखादा मोठा खडक किंवा मातीचा उंचवटा ओढ्याला आडवा येईल अशा बेताने माइक लावायचा. हे खडकाचं काम फुकट होतं आणि त्याचं वजन पाठीवर नसतं. माझ्या मते हलक्या सामानातली ही पहिली खरेदी.

आता माइक. फोनपासून सुरुवात करण्यात कमीपणा नाही. कॉर्नेलच्या मर्लिन या ॲपमध्ये आवाजावरून पक्षी ओळखण्याची सोय २०२१ मध्ये आली. माहितीचा संच आधी उतरवून घेतला तर ती नेटवर्कशिवाय चालते, आणि घाटात ही मोठीच सोय. पण फोनचे नेहमीचे रेकॉर्डिंग ॲप माणसाच्या बोलण्यासाठी बनवलेले असतात. दूरचा सततचा आवाज म्हणजे गोंगाट असं धरून ते तो दाबून टाकतात, आणि पुष्कळदा तोच आपला पक्षी असतो. शिवाय प्रत्येक माइकची स्वतःची एक खरखर असते, शांत खोलीत कान लावला तर ऐकू येणारी. फोनमधल्या इवल्या माइकची ही खरखर साधारण तीस डेसिबलच्या घरात जाते. प्रायमो कंपनीची ईएम२७२ ही माइकची कॅप्सूल, करंगळीच्या टोकाएवढी, तिची खरखर १४ डेसिबल. अशा दोन कॅप्सूल लावलेली क्लिपची जोडी बाजारात मिळते. रेकॉर्डरने तारेतूनच वीज पुरवली की झालं, वेगळी बॅटरी लागत नाही. दोन्ही माइक एखाद्या जांभळाच्या खोडाच्या दोन अंगांना लावले की झाड दोन कानांमधल्या डोक्याचं काम करतं आणि पहाटेचा सगळा कल्लोळ डावा-उजवा उलगडून ऐकू येतो. लांब कुठे रानकोंबडा आरवतोय, त्याला गावातला गावरान कोंबडा उत्तर देतोय, वरून पावशाची चढत जाणारी हाक, खाली बेडकं. एका पक्ष्याची नोंद हवी असेल तर ही जोडी पुरत नाही, पण जागेची नोंद हवी असेल तर याहून हलकं काही मला माहीत नाही.

एकच पक्षी उचलून घ्यायचा तर दोन वाटा. पहिली शॉटगन माइकची. सेनहायझरचा एमई६६ वर्षानुवर्षं पक्षीनिरीक्षकांच्या हातात दिसत आला, त्याची खरखर दहा डेसिबल. हा माइक आवाज मोठा करत नाही, बाजूचे आवाज कमी घेतो, आणि तेही वरच्या पट्टीतले. ओढ्याचा खालचा घोष तो फारसा अडवू शकत नाही. दुसरी वाट पॅराबोलिक डिशची. स्वीडनची टेलिंगा कंपनी लवचीक, वाकवता येणारी डिश बनवते. डिश खरोखर आवाज गोळा करून माइकवर आणते, त्यामुळे लांबची शीळ जवळ येते. पण तिचं गणित मोजपट्टीचं आहे. आवाजाच्या लहरीची लांबी डिशच्या व्यासापेक्षा लहान असेल तरच ती कामाची. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, म्हणजे दोन हजार हर्ट्‌झच्या शिळेची लहर १७ सेंटिमीटरची. अर्ध्या मीटरच्या डिशला कस्तुर, सुभग, नर्तक हे सगळे सापडतात. भारद्वाजाचा हुंकार पाचशे हर्ट्‌झच्या खाली, त्याची लहर ६८ सेंटिमीटरहून लांब. ती डिशला दादच देत नाही. हुमा घुबडाचंही तेच. शिवाय गर्दीच्या एसटीत डिश मांडीवर घेऊन बसलेल्या माणसाला शेजारचा आजोबा ‘टीव्हीची का हो?’ असं विचारल्याशिवाय राहत नाही, हा वेळ वेगळा धरावा.

खरा पैसा आणि खरं वजन खर्च करायची जागा म्हणजे वारा. मढे घाटाच्या तोंडाशी उघडा माइक धरला तर पक्ष्याऐवजी नुसती धडधड मिळते, आणि ती नंतर कुठल्याही सॉफ्टवेअरने पुरती निघत नाही. सोबत मिळणारी स्पंजाची टोपी खोलीत बोलण्यापुरती. घाटावर लांब केसांची टोपी हवी. केसांच्या जंगलात वारा अडखळतो, माइकच्या पडद्यापर्यंत पोचेस्तोवर मरगळतो, आवाज मात्र आरपार जातो. मऊ खेळणी शिवायला वापरतात तसलं लांब केसांचं, मागे विरळ वीण असलेलं कापड आणून ती घरी शिवता येते. मागची वीण घट्ट असेल तर वरच्या पट्टीचा आवाज गिळला जातो, म्हणून कापड तोंडाशी धरून फुंकून पाहावं. ओलं झालं तर केस चिकटतात आणि टोपी निकामी होते. दुसरी कोरडी टोपी डब्यात हवी, त्याच डब्यात सिलिका जेलच्या पुड्या. दमट हवेत साधे कंडेन्सर माइक चटचट करू लागतात. सेनहायझरच्या एमकेएच मालिकेतले माइक वेगळ्या तत्त्वावर चालतात आणि दमटपणाला बरेच पुरून उरतात, पण त्यांची किंमत ऐकून आपण दमटतो.

आणि रेनकोट! प्लॅस्टिकच्या रेनकोटची चुरचुर प्रत्येक हालचालीला माइकमध्ये जाते. आवणीला वाकलेल्या बायकांच्या पाठीवरचं इरलं आणि गुराख्याचं घोंगडं यांत घोंगडं या कामाला उत्तम, वजनाला मात्र वाईट. निदान वरून सुती सदरा घालावा, हातातली अंगठी-कडं काढून ठेवावं आणि माइक हातात न धरता लहानशा तिकाटण्यावर ठेवून दोन-चार पावलं मागे सरावं.

रेकॉर्डरविषयी थोडक्यात सांगता येतं, कारण आजचे बहुतेक रेकॉर्डर माइकपेक्षा चांगले आहेत. झूमचा एफ३ हा २०२२चा, बॅटरीविना २४२ ग्रॅमचा, व्यावसायिक माइकच्या दोन जोडण्या असलेला. तो ३२-बिट फ्लोटमध्ये लिहितो, म्हणजे पातळी लावायची कटकट नाही. शेजारी अचानक मोर केकाटला तरी नोंद फाटत नाही. ज्याला पातळी लावता येते त्याची २४ बिटवर अडचण होत नाही, मोठ्यात मोठा आवाज उणे बारा डेसिबलच्या आसपास राहिला की झालं. ३२ बिटने माइकची खरखर कमी होत नाही, हे मात्र जाहिरातीत लिहिलेलं नसतं. ४८ किलोहर्ट्‌झ, २४ बिट, दोन वाहिन्या असं तासभर लिहिलं तर साधारण एक जीबी लागतं. कार्ड स्वस्त झाल्यावर एमपी३ वापरण्याचं कारण उरलेलं नाही, तो कानाला ऐकू न येणारं म्हणून जे टाकून देतो ते अभ्यासकाला हवं असतं.

ज्याला पहाटे उठायचंच नाही त्याच्यासाठी ऑडिओमॉथ आहे. ५८ बाय ४८ मिलिमीटरची पाटी, तीन पेन्सिल सेल, एक मेमरी कार्ड. वेळ लावून झाडाला बांधा आणि घरी जा. माइक साधा असल्यामुळे देखणी नोंद मिळत नाही, पण कोण कधी गातं ते कळतं. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पश्चिम घाटातल्या ४३ ठिकाणी स्वयंचलित रेकॉर्डर लावून ६९ जातींच्या पक्ष्यांचे पहाटेचे आणि संध्याकाळचे आवाज ताडून पाहिले गेले. वनजमिनीवर यंत्र बांधून ठेवायचं तर वनखात्याची परवानगी आधी घ्यावी आणि गावातही सांगून ठेवावं. झाडावर बांधलेली अनोळखी डबी कुणालाही संशयास्पदच वाटणार.

आवाजाच्या नोंदीने काय होतं, याचं महाराष्ट्रातलं ठसठशीत उदाहरण रानपिंगळ्याचं. एकोणिसाव्या शतकातल्या सात नमुन्यांपलीकडे शंभराहून अधिक वर्षं त्याचा पत्ता नव्हता, तो नामशेष धरला गेला. नोव्हेंबर १९९७ मध्ये पक्षीतज्ज्ञ पामेला रासमुसेन आणि तिच्या सहकाऱ्यांना तो शहाद्याजवळ दिसला. त्याचा आवाज नोंदला गेल्यावर शोध घेणाऱ्यांना कान लावायला काहीतरी मिळालं, पुढे तो मेळघाटात, तोरणमाळात आणि तानसाच्या जंगलातही सापडला. मात्र तोच आवाज स्पीकरवर लावून पक्ष्याला बोलावण्याचा खेळ अभ्यासाच्या शिस्तीबाहेर करू नये. कस्तुर हद्द राखणारा पक्षी. विणीच्या दिवसांत प्रतिस्पर्धी आला असं समजून तो घरटं सोडून भांडायला येतो. फोटो काढणाऱ्यांनी चालवलेला हा प्रकार मला सरळसरळ दांडगाई वाटते.

नोंद संपली की रेकॉर्डर बंद करण्याआधी तिथेच, आपल्या तोंडाने बोलायचं: तारीख, वेळ, पासलीहून केळदकडे किती अंतरावर, कोणता पक्षी, तो दिसला की नुसता ऐकू आला, अंतर किती, हवा कशी. कागद भिजतो, हा आवाज फाइलला चिकटून राहतो. मूळ वेव्ह फाइल तशीच ठेवून तिची प्रत ऑडॅसिटी या सॉफ्टवेअरमध्ये उघडावी, आलेखात शीळ वळणदार रेघेसारखी दिसते आणि ओढा तळाशी राखाडी थरासारखा. हा थर सॉफ्टवेअरने खरवडून काढायचा मोह आवरावा, संग्रहांना अशी घासलेली फाइल नको असते. चांगली नोंद ई-बर्ड या संकेतस्थळावरच्या आपल्या पक्ष्यांच्या यादीला जोडली तर ती कॉर्नेलच्या मॅकॉले संग्रहात जाते. नेदरलँड्समध्ये २००५ साली सुरू झालेला झेनो-कँटो हा दुसरा खुला संग्रह. दोन्हीकडे जागा नकाशावर नेमकी दाखवता येते. घरट्याजवळची नोंद असेल तर टिंब घरट्यावर ठेवू नये, पासली एवढंच लिहावं.